चौथा नमुना

चंपाषष्ठी उलटली की पहिल्या रविवारी कडोदऱ्याच्या शेतावर भरीत-पार्टी व्हायची, आणि सुरतेच्या पांडेसऱ्यातले निम्मे खानदेशी त्या दिवसाकडे डोळे लावून बसलेले असायचे. अठ्ठ्याण्णव साली मात्र नानांनी कोणालाच बोलावलं नाही.

"आधी घरातलं निस्तरू," ते म्हणाले. "मग लोकांना जेवू घालू."

घरातलं म्हणजे पंडितकाका, नानांचा धाकटा भाऊ. त्यांना अमळनेरकडच्या गावाहून बोलावून घेतलं होतं. ते जेवायला येत नव्हते, जाब द्यायला येत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नानांची लेक जयश्री रिक्षातून उतरून कॅनॉलच्या कडेने शेतात आली, तेव्हा तिची माय कलाबाई कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग रचत होती. वहिनी, उज्ज्वला, पुऱ्यांची कणीक मळत होती. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, अर्ध्या-अर्ध्या किलोची वांगी गोणपाटावर ओळीने मांडली होती. नाना निंबाखालच्या खाटेवर बसून त्यांच्याकडे बघत होते.

ही वांगी म्हणजे नानांचं उभं आयुष्य. एकतीस वर्षं त्यांनी पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापडाच्या रंगाची जुळणी केली, आणि सुटीचा प्रत्येक दिवस या खंडाने घेतलेल्या दीड विघा जमिनीत घातला. दर हंगामाला सगळ्यात चांगलं फळ झाडावर पिवळं होईपर्यंत राखायचं, बी धुऊन, राख लावून सावलीत वाळवायचं, पुढच्या वर्षी तेच लावायचं. असं करत करत त्यांनी गावाकडून आणलेल्या साध्या वांग्याचं असं काही वाण केलं, की लोक त्याला नानांच्या नावाने 'सुकलाल भरीत' म्हणू लागले. आता एका बियाणं कंपनीला ते त्याच नावाने बाजारात आणायचं होतं. पुढच्या रविवारी समाजाचं मंडळ नानांना शाल-श्रीफळ देणार होतं. रंग-रसायनांच्या धंद्यातून ओळखी काढून कंपनीच्या माणसाला शेतावर आणलं होतं ते जयश्रीच्या मोठ्या भावाने, योगेंद्रने. कंपनीची अट एकच होती. हे वाण खरोखर वेगळं आहे आणि दुसऱ्या गावी लावलं तरी तेच राहतं, याचा डीएनएचा पुरावा हवा.

तो पुरावा जयश्री काम करत होती त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच मिळणार होता. केवढं कौतुक झालं होतं तिचं तेव्हा! पोरगी शिकली, ती बापाच्या कामी आली.

तिच्या पर्समध्ये एक पाकीट होतं. अकरा दिवस ती ते घेऊन हिंडत होती.

चूक तिची होती. दसऱ्याच्या सुमाराला तिने तीन नमुने तपासले होते. एक कडोदऱ्याचं वांगं, दुसरं पंडितकाकांच्या शेतातलं, कारण नव्वद साली नानांनीच त्यांना आपलं बी दिलं होतं, आणि तिसरं भाजी मार्केटातलं. पहिला आणि दुसरा जुळायला हवे होते. जुळले नाहीत. त्याच दुपारी योगेंद्रचा फोन आला आणि ती बोलून गेली, "काकांकडचं वेगळं दिसतंय रे." पुढे तिला म्हणायचं होतं, की अजून पक्कं नाही, आणखी नमुने घ्यायचेत. पण योगेंद्रने फोन ठेवला होता. संध्याकाळी त्याने काकांना पत्र लिहिलं, तेही तिला न विचारता. चौथ्या नमुन्याचा निकाल आला तो पार दिवाळी उलटून गेल्यावर.

"आलीस?" कलाबाईने मान वर न करता विचारलं. "फोटो आणलास?"

"आणलाय."

कलाबाई पऱ्हाट्या मोडत राहिली. दोन महिने ती अशीच होती. काकांचं नाव निघालं की तिला काहीतरी काम आठवायचं.

काका अकराच्या पुढे आले. गाडीने उधन्याला उतरून, मिळेल त्या वाहनाने. नानांपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण उन्हातल्या कामाने जास्त वाकलेले. कलाबाईने तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तसाच जमिनीवर ठेवला.

"आधी बोलू, वहिनी. पाणी मग."

नानांकडे न बघता ते खाटेच्या कडेला बसलेल्या योगेंद्रकडे वळले. "तुझं पत्र मिळालं. 'आपण नानांच्या बियाण्यात भेसळ करून घराण्याचं नाव बुडवलं.' मी चौथीपर्यंतच शिकलो बाबा, पण 'भेसळ' वाचता येतं मला."

"काका, मी पदरचं नाही लिहिलं," योगेंद्र म्हणाला. "जयूच्या मशीनमध्ये आलंय. विचारा तिला."

सगळ्यांनी जयश्रीकडे पाहिलं. तिने तोंड उघडायच्या आधीच नाना बोलले.

"पंडित, मी तुला सांगितलं होतं. दुसऱ्या वांग्याजवळ लावू नको. भुंगे इकडचं तिकडे करतात."

"चिंचेपलीकडच्या तुकड्यात एकटं लावत आलो, दादा. आजूबाजूला नुसती कपाशी. दर साली पहिलं चांगलं फळ बियाला राखलं. तू सांगितलंस तसं."

"मग बदललं कसं?" नाना चिडले की अहिराणीवर यायचे. "मन्हं बी बदलत नई. तुन्ही नियत बदलनी."

"माझी नियत काढू नको."

"का नको? दारात उभं केलं नाहीस, ते गिळलं मी. आता हे पण गिळू?"

उज्ज्वलाचा कणकेतला हात थांबला. चार वर्षांत हे वाक्य नानांनी उघडपणे कधी उच्चारलं नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या भादव्यातली गोष्ट. आधी तापीचा पूर आला, मग प्लेग. शेत बुडालं, पांडेसऱ्यातल्या खोलीत कमरेएवढं पाणी शिरलं, ते ओसरतंय तोवर माणसं मरू लागल्याची बातमी फुटली आणि खोल्यांची अख्खी लाइन स्टेशनकडे धावली. नाना बायको-मुलांना घेऊन गावी गेले. गावाने वेशीवर अडवलं. सुरतेची माणसं, रोग घेऊन आली. पंडितकाकांनी त्यांना मळ्यातल्या झोपडीत ठेवलं. काकू भाकरीची थाळी वीस पावलांवर ठेवून मागे सरायची, मग यांनी ती उचलायची. तीन दिवस नाना जेवले. चौथ्या दिवशी त्यांनी थाळी तिथंच राहू दिली, मुलांना उठवलं आणि पायी स्टेशनला निघाले. पुढे दोन वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. काकांच्या मुलीच्या लग्नात चारचौघांनी हात हातात दिले, तेव्हा कुठे ते संपलं. संपलं असं सगळे समजत होते.

"गावाचा रेटा होता, दादा," काका हळू आवाजात म्हणाले. "माझीही लेकरं होती."

"होती ना. म्हणून मी काही बोललो नाही. पण बी तरी नीट राखायचं." नानांनी हात पुढे केला. "जयू, दे तो फोटो. याच्या डोळ्यांनी बघू दे याला."

"नाना, आधी माझं ऐका. नुसत्या एका फोटोवर..."

"दे."

तिने पाकिटातून फोटो काढला. काळ्या पाटीवर पांढऱ्या आडव्या रेघा, शेजारी-शेजारी चार उभ्या रांगांत. कसं सांगायचं याची तिने मनात तयारी केली होती. कोवळं पान खलायचं, त्यातला डीएनए वेगळा करायचा, मशीनमध्ये त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या लाखो प्रती काढायच्या, मग ते पातळ जेलीतून विजेच्या जोरावर पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. एकाच वाणाचे असतील तर रेघा एका पातळीवर येतात.

यातलं काहीच सांगावं लागलं नाही. नाना फोटो घेऊन निंबाच्या सावलीतून उन्हात गेले. कारखान्यातही ते कापडाचा तुकडा असाच खिडकीच्या उजेडात न्यायचे. साहेब लोकांना दोन्ही लाल सारखेच दिसायचे, नाना म्हणायचे, हा लॉट निराळा. आणि निराळाच निघायचा. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ आणला, जरा तिरपा केला.

"ही पहिली आपली?"

"हो."

"दुसरी पंडितची. वेगळी आहे, दिसतंय. तिसरी?"

"मार्केटातली."

"आणि ही चौथी?"

जयश्री हातातलं पाकीट दुमडू लागली.

"पहिली आणि चौथी एकाच लॉटच्या आहेत," नाना म्हणाले. "खालपासून वरपर्यंत. चौथी कोणाची?"

"असे अकरा फोटो आहेत, नाना. अकरा वेगवेगळ्या चाचण्या. अकरांतही पहिली आणि चौथी सारख्याच आल्यात. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या होत्या, सुरतेतल्या खानदेशी लोकांकडची आणखी भरताची वांगी तपास, म्हणजे आपलं वेगळेपण दिसेल. म्हणून मी लाइनीतून पानं आणली. रंभामावशींच्या परसातली."

रंभाबाई त्यांच्याच लाइनीत, शेवटच्या खोलीत राहायची. नवरा श्रीपत रेल्वेत गँगमन होता, आता निवृत्त. धुळ्याकडचं बौद्ध कुटुंब. नळावर, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात तिची आणि कलाबाईची तीस वर्षांची सोबत होती. पण त्या घरातला चहाही नाना कधी प्यायले नव्हते.

योगेंद्रने गुडघ्यावर हात मारला. "बघा! चोरलं तर! आपल्या शेतातलं फळ उचललं असणार आणि बी केलं असणार. नाहीतर तिच्या परसात 'सुकलाल भरीत' येतंय कुठून? नाना, उद्या कंपनीचं बी बाजारात येईल आणि ही बाई शेजारी बसून तेच विकेल. एम नहीं चाले, असं नाही चालायचं. मी आजच जाऊन..."

"भाऊ, थांब," जयश्री म्हणाली. "दोन्ही सारखी आहेत एवढंच रेघा सांगतात. कोणी कोणाकडून घेतलं, ते नाही सांगत."

"ते कळायला मशीन कशाला लागतं? असल्या लोकांना..."

"तोंड आवर, योगेंद्र."

कलाबाई उठून उभी राहिली होती. हातात अर्धवट मोडलेली पऱ्हाटी तशीच होती.

"तिला चोर म्हणशील तर जीभ झडेल तुझी. तिनं नाही घेतलं. मी घेतलं तिच्याकडून."

कोणालाच लगेच काही उमगलं नाही. नानांनी तर ऐकूच आलं नाही अशी मान तिरकी केली.

"काय सांगस?"

"पुरातून परत आलो तेव्हाचं सांगते. तुम्ही आल्या-आल्या कामावर गेलात. मी खोली उघडली. सगळीकडे चिखल आणि म्युन्सिपाल्टीची पांढरी पावडर. बियाचा डबा फळीवरून पडला होता. झाकण उघडलं तर आत काळा गोळा. बुरशी. शेतात एक रोप उरलं नव्हतं. तुमचं तीस वर्षांचं... एक दाणा नव्हता हो."

"पंडितकडे होतं ना!" नाना ओरडले.

"कोण मागणार होतं? तुम्ही गाडीत माझ्याकडून शपथ घेतली होती. त्या घरचा दाणा मागशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाला होतात. आठवतं?"

नाना उन्हातून परत येऊन खाटेवर बसले.

"मी ओट्यावर बसून रडत होते. रंभाबाई आली. ती कुठंच पळाली नव्हती. तिचं बी दुधीच्या तुंब्यात भरून आढ्याला टांगलेलं होतं, त्याला पाणी लागलं नाही. तिनं मूठभर काढून माझ्या पदरात टाकलं. म्हणाली, हेही भरताचंच आहे, माझ्या मायचं, लावून टाक, त्यांना कळायचं नाही. मी राख लावली, तुमच्याच डब्यात भरलं." ती थांबली. "तुम्हाला नाही कळलं. त्या वर्षी तुम्ही म्हणालात, वांगं सुधारलं. सालीला पातळ झालं, बी कमी झालं. तापीच्या गाळाचा गुण."

उज्ज्वलाने तोंडाला पदर लावला. कंपनीच्या माणसाला नानांनी हेच वाक्य याच निंबाखाली ऐकवलं होतं, आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं.

"चार वर्षं?" नाना म्हणाले.

"चार वर्षं."

"तिच्या घरचं? सगळ्या समाजाला मी... तिच्या घरचं वाढलं?"

पंडितकाका कोरडं हसले. "चव लागली ना, दादा? कोणाच्या घशात अडकलं नाही ना?"

कलाबाई त्यांच्याकडे वळली. हात जोडायला गेली, पण काठी हातात होती. "भाऊजी, तुमच्यावर आळ आला आणि मी दोन महिने गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. माझं चुकलं."

"म्हणजे वहिनी, दादाचं खरं बी फक्त माझ्याकडे होतं," काका सावकाश म्हणाले. एकेक शब्द जणू तपासून बघत होते. "मी ते आठ वर्षं राखलं. चिंचेपलीकडे, एकटं."

"हो काका," जयश्री म्हणाली. "दुसरी रांग. नानांचं वाण तेच."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पत्र आलं त्या दिवशी मी शेतात गेलो," ते म्हणाले. "दिवसभर उपटत होतो. एकशे चाळीस झाडं होती, फळं धरलेली. एक ठेवलं नाही. बियाची पुरचुंडी तुमच्या जावेनं चुलीत टाकली. मीच टाक म्हणालो. म्हटलं, ज्या वांग्यापायी भेसळवाला झालो, ते घरात नको."

जयश्रीला टेलिफोनवरचं आपलं ते एक वाक्य आठवलं. काकांकडचं वेगळं दिसतंय रे.

नाना उठले. कोणाकडे न बघता वाफ्यात शिरले, पहिल्या झाडाला बुडाशी धरलं आणि मुळासकट उपटलं. मग दुसरं. फळं मातीत लोळली. तिसऱ्याला हात घातला तेव्हा कलाबाई समोर जाऊन उभी राहिली.

"उपटू नका."

"सरक."

"तुमचं नाही ते. तुम्हाला हक्क नाही उपटायचा. जिचं आहे तिला विचारून या, मग उपटा."

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. नानांचा हात झाडावरच राहिला. मग तो सुटला आणि ते तिथंच मातीत बसले.

योगेंद्रने जयश्रीला बाजूला घेतलं. आता त्याचा आवाज गोड होता. "जयू, ऐक. झालं ते झालं. कंपनीला काय करायचंय? चौथा नमुना देऊच नको. तीनच पाठव. आपलं वेगळं, मार्केटचं वेगळं, काकांचं..."

"काकांचं भेसळीचं?" मागून उज्ज्वला म्हणाली. कणकेचे हात तसेच घेऊन ती उभी होती. एरवी ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसायची. "म्हणजे आता खरं माहीत असूनही त्यांना भेसळवालेच ठरवायचं? आणि रंभाबाईंच्या परसातली झाडं कुठं लपवणार आहात?"

"तू मध्ये बोलू नको."

"अहवालात चारही जातील, भाऊ," जयश्री म्हणाली. "कुठलं पान कोणाच्या परसातून आलं ते नावासकट लिहून जाईल. उद्या मॅडमची सही आहे."

योगेंद्रने तिच्याकडे बघितलं. "तुला शिकवण्यासाठी नाना रिटायर झाल्यावरही दोन वर्षं वॉचमनकी करत होते. त्याची ही फेड?"

त्याने स्कूटर सुरू केली आणि उज्ज्वलाची वाट न बघता निघून गेला.

काकाही निघाले. कलाबाई मागून धावली, दोन घास तरी खाऊन जा म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली. जाताना वाफ्याशी थांबून नानांना म्हणाले, "दादा, तुझ्या लेकाचं पत्र होतं. पण तू पोस्टकार्ड टाकून नुसतं विचारलं असतंस ना, 'पंडित, खरं काय?' तर मी थांबलो असतो."

नाना ढेकळं चुरत राहिले. पाण्याचा तांब्या जिथं ठेवला होता तिथंच भरलेला होता.

वांगी भाजायची ती तिघींनी भाजली, कारण एवढं अन्न टाकणार कुठं. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, काठवटीत ठेचून भरीत केलं. कोणी जेवलं नाही.

चार वाजता कलाबाईने डबा भरला आणि जयश्रीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

रंभाबाई दारात बसून तूर पाखडत होती. आत श्रीपतबाबा रेडिओ कानाशी धरून होते. कलाबाईने सगळं सांगितलं, सरळ, काही न झाकता. अगदी 'चोर' हा शब्दसुद्धा. रंभाबाईचं सूप मध्येच थांबलं, पुन्हा चालू झालं.

"पानं न्यायला आलीस तेव्हाच वाटलं होतं मला," ती जयश्रीला म्हणाली. "पण मी कशाला बोलू? दिलं ते दिलं."

"मावशी, अहवालात तुमचं नाव जाईल. कंपनीने वाण घेतलं तर तुम्हाला विचारूनच घ्यावं लागेल. नावही तुमचंच लागायला हवं."

"रंभा भरीत?" तिला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "घेतील का गं तुमच्या समाजाची माणसं?"

जयश्रीने आईकडे पाहिलं. कलाबाई उंबऱ्याकडे बघत होती.

"कलाबाई, बी दिलं त्याचं मला काही नाही," रंभाबाई म्हणाली. "तू रडत होतीस, मी दिलं. तू कोणाला सांगितलं नाहीस, तेही समजलं. तुझ्या घरातलं मला ठाऊक आहे. पण तेव्हापासून तीनदा भरीत-पार्टी झाली. लाइनीतले सगळे टेम्पोत बसून जायचे, माझ्या दारासमोरून. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही, रंभाबाई, चल शेतावर."

"यांनी..."

"त्यांचं सोड. तू."

कलाबाईने डबा पुढे केला. रंभाबाईने तो घेतला, आत गेली. भरीत आपल्या पातेल्यात काढून घेतल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हा रिवाज दोघींनी तीस वर्षं पाळला होता. रंभाबाईने डबा घासून, पुसून, रिकामाच कलाबाईच्या हातात दिला.

"अंधार पडायच्या आत घरी जा," ती म्हणाली आणि सूप उचललं.

सोमवारी अहवाल गेला. मंडळाला नानांनी तब्येतीचं कारण कळवलं. कंपनीचं उत्तर यायला महिना लागला. वाणाचा उगम स्पष्ट नसल्याने प्रस्ताव तूर्त थांबवला आहे, एवढंच. रंभाबाईला कोणी काही विचारलं नाही.

पण त्याआधी, ज्या रविवारी सत्कार व्हायचा होता त्या रविवारी सकाळी, जयश्री प्रयोगशाळेत एकटी असताना दारात नाना उभे राहिले. सत्काराला शिवलेला पांढरा सदरा अंगात होता. ते इथं याआधी कधी आले नव्हते. चपला बाहेर काढून ते अनवाणी आत आले.

"पंडितच्या शेतातली पानं तू आणली होतीस," ते म्हणाले. "उरलीत का?"

"पानं नाहीत, नाना. त्यातून काढलेला डीएनए आहे."

"बघू."

तिने डीप फ्रीझर उघडला. गार वाफ बाहेर आली. खोक्यांतून शोधून तिने एक नळी काढली, करंगळीच्या पेराएवढी. तळाशी पाण्यासारखा थेंब होता. नानांनी ती चिमटीत धरून खिडकीकडे नेली, उजेडात बघितली. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"यात आहे ते माझंच?"

"तुमचंच."

"यातून झाड येईल?"

हा प्रश्न येणार हे तिला आठ दिवस माहीत होतं.

"नाही, नाना. यातून नुसतं ओळखता येतं. पुन्हा कधी कुठं सापडलं, तर हेच ते, एवढं सांगता येईल. उगवत नाही यातून."

नानांच्या बोटांना गार लागत असणार, पण त्यांनी हात बदलला नाही. मग त्यांना तिच्यावरचं बारीक अक्षर दिसलं. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी नळी तिच्यापुढे केली.

"काय लिहिलंय?"

"पंडितकाकांचं नाव," ती म्हणाली. "नमुना त्यांच्या शेतातला होता म्हणून." आणि मग न राहवून, "बदलू का? तुमचं लिहू?"

नानांनी नळी तिच्या तळहातावर ठेवली.

"नको," ते म्हणाले. "त्याच्याकडेच जगलं ते."

बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि बस स्टॉपकडे चालू लागले. जयश्रीने नळी पुन्हा फ्रीझरमध्ये, होती त्या खोक्यात ठेवली आणि दार लावून घेतलं.